बिनआकड्याचं माप

वाळूच्या साच्यातून निघालेला बिडाचा भाग कधीच ड्रॉइंगसारखा नसतो. साच्याच्या वरच्या आणि खालच्या पेट्या जुळताना थोड्या सरकतात. पोकळीसाठी ठेवलेला कोअर रसाच्या दाबानं एका अंगाला उचलला जातो. थंड होताना जाड भाग आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेळी आकसतात. ड्रॉइंगवर पंपाच्या भोकाचा मध्य एका बारीक रेघेवर असतो, पण फाउंड्रीतून आलेल्या जॉबवर ती रेघ कुणी ओढलेली नसते. ती कुठून जाणार हे जॉब मशीनवर चढवण्याआधी ठरवावं लागतं. त्यासाठी यंत्रशाळांनी शंभराहून अधिक वर्षं जे हत्यार वापरलं ते सरफेस गेज: जड बैठक, तिच्यात उभा दांडा, दांड्यावर वरखाली सरकणारी पकड आणि त्या पकडीत टोकदार स्क्राइबर.

सातारा आणि सांगली हा सगळा पट्टा बिडाच्या ओतकामावर उभा राहिला, म्हणून या हत्याराचा विचार इथून करायला हवा. जुन्या गेजांविषयी जे लिहिलं-बोललं जातं त्यात बनवणाऱ्या कंपनीचं नाव, पेटंटची तारीख आणि निकेलची चकाकी यांनाच फार जागा मिळते. मला वाटतं, पाहायची गोष्ट वेगळी आहे. या हत्याराला तीन कामं करावी लागतात. एक, भराभर हलायचं. दोन, हवं तेव्हा केसाच्या जाडीइतकंच हलायचं. तीन, एकदा ठरलं की अजिबात हलायचं नाही. ही तीन कामं एकमेकांच्या विरुद्ध जातात. या गेजाच्या रचनेत जे जे बदल झाले ते सगळे या तिघांत समझोता करण्यासाठी झाले.

आधी इथली जमीन. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, मग कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर काढला. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि वाडी सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात. पण हे दोन जिल्हे मुळात एकच होते. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळालं. तिकडे सातारारोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं तयार होऊ लागली. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. नांगर, उसाचे चरक, पंप, इंजिनं: या यादीतली प्रत्येक वस्तू आधी बिडात ओतायची, मग कातायची, घासायची, भोकं पाडायची. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असं किर्लोस्करांच्या इतिहासात सांगितलं जातं. असं मिळेल तिथलं लोखंड भट्टीत गेलं की ओतीव भाग एकसारखे येण्याची आशा आणखी कमी होते आणि जॉबवर रेघ मारणाऱ्या मार्किंगवाल्याचं काम वाढतं.

या हत्याराचं घराणं मोठं आहे, पण त्यातल्या बाकीच्यांवर फार थांबायची गरज नाही. सुताराकडे लाकडी दांडा आणि त्यावर सरकणारा ठोकळा असलेलं रेघ मारायचं हत्यार असतं. ठोकळा फळीच्या कडेला टेकवायचा आणि दांड्याचा खिळा ओढत न्यायचा. धातूच्या कामात त्याचीच पोलादी आवृत्ती आली, खिळ्याच्या जागी कधी धारदार चकती बसवलेली. जेनी कॅलिपर हा त्याचा चुलतभाऊ. त्याचा एक पाय वाकडा, जो कडेवरून सरकतो, आणि दुसरा टोकदार, जो रेघ मारतो. जुन्या चांगल्या जेनीत टोकदार पायाच्या जागी सुटी सुई असते. ती झिजली की काढून सहाणेवर धार लावायची आणि पुन्हा बसवायची. आयटीआयच्या फिटरला पहिल्याच महिन्यांत जेनी हातात मिळते. पण या सगळ्यांना सरळ केलेली कड लागते. कच्च्या ओतीव भागाला अशी कड नसते. त्यामुळे कडेऐवजी खालचं टेबलच संदर्भ म्हणून धरायचं ही कल्पना पुढे आली आणि तिथून सरफेस गेज सुरू झालं.

टेबल संदर्भ धरायचं तर ते खरोखर सपाट हवं. सपाट पृष्ठ आधी नसताना ते तयार कसं करायचं याचं उत्तर जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 साली ग्लासगोच्या विज्ञानसभेत मांडलं. दोन प्लेटा एकमेकींवर घासल्या तर एक फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट होऊनही त्या जुळतात. तीन प्लेटा घेऊन आळीपाळीनं जोड्या लावल्या आणि रंग लावून उंचवटे खरवडत गेलं, तर तिन्ही एकमेकींशी जुळायला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तिन्ही सपाट होणं. त्यांचे गुरू हेन्री मॉडस्ली यांच्या लंडनच्या कारखान्यात अशा प्लेटा कारागिरांच्या बाकांवर ठेवलेल्या असत. सरफेस प्लेट नसेल तर सरफेस गेज म्हणजे नुसतं लोखंड. दोन्ही मिळूनच एक यंत्र होतं. जुनं गेज विकत घेणारे बहुतेक जण हा अर्धा भाग विसरतात.

आता बैठक. ती जड हवी, कारण रेघ मारताना स्क्राइबरचं टोक जॉबवर दाबलं जातं आणि हलकी बैठक मागच्या अंगाला उचलते. पण तळ पूर्ण सपाट असला तर खाली अडकलेला एक कण किंवा तेलाचा जाड थर तिला उचलून धरतो. म्हणून चांगल्या गेजाच्या तळाचा मधला भाग खोलगट केलेला असतो आणि फक्त कडा घासून सपाट केलेल्या असतात. शिवाय तळातून व्ही आकाराची खाच जाते. गोल शाफ्टवर गेज ठेवलं की त्या खाचेमुळे ते आपोआप अक्षाच्या दिशेला येतं. बैठकीच्या मागच्या कडेजवळ दोन छोट्या पिना असतात, घट्ट बसणाऱ्या. त्या खाली दाबल्या की तळाखाली बाहेर येतात आणि प्लेटच्या कडेला किंवा मशीनच्या टी-खाचेला टेकतात. मग हेच गेज कडेला समांतर रेघा मारू लागतं, म्हणजे सुताराचं हत्यार यात पुन्हा सामावलं गेलं. जुन्या गेजात सगळ्यात आधी हरवतात त्या याच पिना. त्यांच्या जागी कुणी खिळे कापून ठोकलेले असतात आणि ते परत वर जात नाहीत.

सर्वात जुन्या, साध्या घडणीत दांडा बैठकीत पक्का रोवलेला असतो. उंची बदलायची तर पकड सैल करा, सरकवा, आवळा. पहिलं आणि तिसरं काम इथे ठीक होतं. दुसऱ्या कामासाठी कारागीर पकड अर्धवट आवळतो आणि छोट्या हातोडीनं स्क्राइबरवर हलकी टिचकी मारतो. वर टिचकी, खाली टिचकी, असं करत टोक पट्टीच्या रेघेवर आणतो. हे कौशल्य खरं आहे आणि जुने मार्किंगवाले ते आश्चर्य वाटावं इतक्या सफाईनं करत. पण ते माणसाच्या हातात आहे, हत्यारात नाही. नवशिक्या त्यात पंधरा मिनिटं घालवतो आणि शेवटचं आवळताना सगळं पुन्हा हलतं.

यावर सापडलेला तोडगा मला या सगळ्या विषयातला सर्वात सुंदर भाग वाटतो. दांडा थेट बैठकीत न रोवता तो एका छोट्या तरफेत बसवला. ही तरफ बैठकीच्या खोबणीत एका खिळीवर सी-सॉसारखी डुलते. तिच्या एका टोकावर बारीक आट्यांचा स्क्रू दाबतो आणि विरुद्ध बाजूनं एक स्प्रिंग ती स्क्रूकडे ढकलून धरते. स्क्रू फिरवला की तरफ किंचित कलते, तिच्यासोबत दांडा कलतो आणि स्क्राइबरचं टोक किंचित वर किंवा खाली जातं. पकड आधीच पूर्ण आवळलेली असल्यामुळे सूक्ष्म हालचाल झाल्यावर काहीही आवळावं लागत नाही. दुसरं काम तिसऱ्याच्या नंतर करायचं, हा क्रमच उलटा केला, आणि तिथे गाठ सुटली. स्प्रिंगचं काम तितकंच महत्त्वाचं. स्क्रूच्या आट्यांत थोडा ढिलेपणा असतोच. स्प्रिंग तरफेला सतत एकाच बाजूनं दाबून ठेवते, त्यामुळे तो ढिलेपणा टोकापर्यंत पोहोचत नाही.

यातलं गणित थोडं सांगतो, कारण वापरणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. समजा स्क्रूची चाल एका फेऱ्याला 1 मिलिमीटर आहे आणि तो खिळीपासून 40 मिलिमीटरवर दाबतो. पाव फेरा फिरवला की तरफेचं ते टोक 0.25 मिलिमीटर हलतं. स्क्राइबरचं टोक खिळीपासून आडव्या अंतरात 40 मिलिमीटरवर असेल तर तेही 0.25 मिलिमीटरच वर जाईल. पण स्क्राइबर लांब काढून टोक 80 मिलिमीटरवर नेलं तर तोच पाव फेरा 0.5 मिलिमीटर देतो, म्हणजे नियंत्रण निम्मं झालं. टोक बरोबर खिळीच्या डोक्यावर आणून ठेवलं तर स्क्रू कितीही फिरवा, उंची जवळजवळ बदलत नाही. टोक पुढे-मागेही सरकतं. 200 मिलिमीटर उंचीवर त्याच पाव फेऱ्यात ते सव्वा मिलिमीटरइतकं आडवं जातं. त्यानं रेघ बिघडत नाही, कारण आपल्याला फक्त उंची हवी असते, पण टोक जॉबला टेकवून ठेवून स्क्रू फिरवू नये, इतकं त्यावरून कळतं. स्क्राइबर आखूड ठेवा, आडवा ठेवा आणि ओढताना टोक मागे राहू द्या, हा नियम उस्ताद सांगतात तेव्हा त्यामागे हेच गणित असतं. लांब स्क्राइबर वाकतो, थरथरतो आणि रेघ दुहेरी उमटते.

पकडीची रचना मात्र मला अजूनही पुरती समाधानकारक वाटत नाही. एकाच नर्लिंग केलेल्या नटानं दोन गोष्टी धरायच्या असतात: पकड दांड्यावर कुठे आहे ते, आणि स्क्राइबर कोणत्या कोनात आहे ते. चिरलेल्या बुशातून जाणारा बोल्ट ओढला गेला की दोन्ही एकदम आवळतात. हात एकच लागतो, ही सोय मोठी आहे. पण आवळताना नटाच्या फिरण्याची ओढ स्क्राइबरलाही थोडी फिरवते आणि टोक शेवटच्या क्षणी सरकतं. चांगल्या गेजात नट आणि स्क्राइबर यांच्यामध्ये एक वॉशर असतो, जो फिरू शकत नाही. तो फिरण्याची ओढ खाऊन टाकतो आणि फक्त दाब पुढे देतो. स्वस्त गेजात हा वॉशर साधा गोल असतो आणि काम करत नाही.

स्क्राइबर म्हणजे पाणी दिलेल्या पोलादाची काडी. एक टोक सरळ, ते रेघ मारण्यासाठी. दुसरं काटकोनात वाकवलेलं, ते उंची पडताळण्यासाठी. हे वाकडं टोक अनेकांना निरुपयोगी वाटतं, पण गेजाचं निम्मं आयुष्य त्यातच जातं. जॉबच्या एका कोपऱ्यावर ते टेकवायचं, गेज सरकवत दुसऱ्या कोपऱ्यावर न्यायचं आणि फट दिसते का, कागदाचा कपटा अडतो का ते पाहायचं. जॉब टेबलाला समांतर आहे की नाही ते असं कळतं.

या यंत्राचं जे रूप जगभर पसरलं त्यात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अथॉल गावच्या स्टारेट कंपनीचा वाटा मोठा आहे. लॅरॉय स्टारेट हा माणूस आपल्याकडच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. त्याचं पहिलं गाजलेलं यंत्र मांस बारीक करायचं, आणि लक्ष्मणरावांचं पहिलं यश कडबा कापायच्या यंत्रात. 1879 साली त्यानं कॉम्बिनेशन स्क्वेअरचं पेटंट घेतलं आणि 1880 साली अथॉलमध्ये स्वतःचा कारखाना काढला. कॉम्बिनेशन स्क्वेअर म्हणजे खाच असलेली पोलादी पट्टी आणि तिच्यावर सरकणारं 90 आणि 45 अंशांचं डोकं. पट्टी हवी तितकी बाहेर काढून आवळली की तीच पट्टी गुण्या, खोलीचं माप आणि कडेपासून रेघ मारायचं हत्यार होते. हातात धरून वापरायच्या मार्किंगच्या साधनांत यापेक्षा हुशार रचना मला माहीत नाही. प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन अँड शार्प कंपनीनं आणि इंग्लंडमध्ये 1906 साली सुरू झालेल्या शेफील्डच्या मूर अँड राइटनंही सरफेस गेजं बनवली. इंग्लिश गेजं अंगानं जड आणि थोडी ओबडधोबड, अमेरिकन गेजं सुटसुटीत आणि जास्त सोयींची, असा ढोबळ फरक हातात घेताच जाणवतो. फाउंड्रीच्या धुळीत मला इंग्लिश गेज पसंत आहे, टूलरूममध्ये अमेरिकन.

इतक्या सोयी असलेल्या या यंत्रावर एकही आकडा नसतो, आणि माझ्या मते तोच या रचनेचा मोठेपणा आहे. गेज मोजत नाही, ते उंची एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेतं. उंची घ्यायची कुठून ते आपण ठरवायचं: स्टँडमध्ये उभ्या केलेल्या पट्टीवरून, आधी तयार झालेल्या नमुन्यावरून, किंवा अचूक जाडीच्या पोलादी ठोकळ्यांच्या, म्हणजे स्लिप गेजच्या, थप्पीवरून. पट्टीवरून घेतली तर डोळ्याच्या मर्यादेनुसार एक-दोन दशांश मिलिमीटरची चूक राहते. स्लिप गेजवरून घेतली तर चूक कितीतरी कमी होते, गेज तेच असूनही. हत्यार बदलावं लागत नाही, संदर्भ बदलला की त्याचा दर्जा वाढतो.

याचा एक परिणाम आपल्या कारखान्यांनी अनुभवला. भारतात 1956 साली दशमान वजनं-मापांचा कायदा झाला आणि 1958 पासून ती टप्प्याटप्प्यानं आली. इंचांच्या पट्ट्या, इंचांचे मायक्रोमीटर, इंची आट्यांचे टॅप आणि डाय, सगळं हळूहळू बाजूला पडत गेलं. सरफेस गेजला या बदलाशी काही कर्तव्यच नव्हतं. सोळाव्या भागाच्या खुणांवरून उंची नेणारं गेज दुसऱ्या दिवशी मिलिमीटरच्या पट्टीसमोर ठेवलं तरी तितकंच बरोबर. आजही जुन्या वर्कशॉपमध्ये इंचांच्या काळातलं जे हत्यार रोज हाताळलं जाताना सापडेल, ते बहुधा हेच.

प्रत्यक्ष काम पाहिलं की रचनेतल्या एकेका गोष्टीचं कारण कळतं. समजा मार्किंग टेबलावर पंपाचा बिडाचा देह आला आहे. आधी त्यावर चुन्याचा हात फिरवायचा, म्हणजे काळपट बिडावर रेघ दिसेल. मशीन झालेल्या पोलादावर चुना टिकत नाही, तिथे मोरचुदाचं पाणी लावतात. तांब्याचा पातळ थर चढतो आणि त्यावर रेघ चकचकीत उठते. (मोरचूद लोखंडाला खातं, म्हणून ते सरफेस प्लेटवर सांडलं की लगेच पुसावं लागतं.) मग देह तीन स्क्रू-जॅकवर टेकवायचा. तीनच, कारण तीन टेकू कसेही असले तरी वस्तू डुगडुगत नाही आणि प्रत्येक जॅक वेगळा फिरवून ती हवी तशी कलती करता येते. वाकड्या टोकानं चारही कोपरे तपासायचे. ते सगळे एकदम सारखे येणार नाहीतच. कुठे दोन मिलिमीटर जास्त, कुठे एक कमी. तो फरक वाटून घ्यायचा. मधल्या भोकात लाकडाची पट्टी ठोकून बसवायची आणि तिच्यावर पत्र्याचा तुकडा लावायचा, म्हणजे पोकळीच्या मधोमध खूण करायला जागा मिळते. भोकाच्या काठांवरून मध्य काढायचा, मग फ्लँजच्या बाहेरच्या गोलावरून काढायचा. दोन्ही मध्य जुळले तर नशीब. नाहीतर कोअर सरकलेला आहे.

इथे मार्किंगवाल्याला निर्णय घ्यावा लागतो. भोकाच्या भिंतीवर मशीनिंगसाठी समजा 4 मिलिमीटर जास्तीचं बीड ठेवलेलं आहे. कोअर एका बाजूला 3 मिलिमीटर सरकला असेल तर त्या बाजूला 1 मिलिमीटरच उरतं. मध्यरेघ दीड मिलिमीटर हलवली तर भोकही साफ होतं आणि फ्लँजचा कडेचा भागही पुरतो. जास्त हलवली तर बोल्टची भोकं काठाला भिडतात. ही रेघ कुठे मारायची ते कुठल्याही ड्रॉइंगवर नसतं. मार्किंगवाला ती मारतो आणि सर्व बाजूंनी फिरवतो. रेघेवर थोड्या थोड्या अंतरानं टिंबपंच मारतो, म्हणजे चुना पुसला गेला तरी खूण राहते आणि मशीन झाल्यावर अर्धं टिंब उरलं तर कटर बरोबर रेघेवर चालला हे कळतं. कोअर रोज एकाच बाजूला सरकतोय असं त्याच्या लक्षात आलं की निरोप फाउंड्रीत जातो आणि पॅटर्न किंवा कोअरची बैठक दुरुस्त होते. फाउंड्री आणि मशीनशॉप यांच्यातला संवाद या टेबलावर होत असे. दोन्ही बाजूंची भाषा येणारा माणूस इथेच उभा असे, आणि त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं पुढे चांगली मशीनिस्ट होत.

गोल शाफ्टचा मध्य काढण्याची पद्धत मला नव्यानं शिकणाऱ्या प्रत्येकाला दाखवावीशी वाटते. शाफ्ट व्ही-ब्लॉकमध्ये ठेवायचा. गेज अंदाजानं मध्याजवळ लावायचं आणि शाफ्टच्या तोंडावर एक आडवी रेघ मारायची. मग गेजला हात न लावता शाफ्ट अर्धा फेरा फिरवायचा आणि पुन्हा रेघ मारायची. गेज बरोबर मध्यावर असतं तर दोन्ही रेघा एकच झाल्या असत्या. नसेल तर दोन रेघांत जे अंतर दिसतं ते चुकीच्या दुप्पट असतं आणि मध्य दोघींच्या मधोमध असतो. पाव फेऱ्यानं पुन्हा तेच केलं की चार रेघांचा बारीक चौकोन मिळतो. मोजमापाचा एकही आकडा न वापरता इथे चूक स्वतःच स्वतःला दुप्पट करून दाखवते. सांगलीचं 1947 साली सुरू झालेलं, पुढे वालचंद यांच्या नावानं ओळखलं गेलेलं अभियांत्रिकी महाविद्यालय असो किंवा 1960 साली सुरू झालेलं कराडचं सरकारी महाविद्यालय, वर्कशॉपच्या तासाला हे एकदा करून पाहिलेला विद्यार्थी चूक कशी ओळखायची ते पुस्तकाशिवाय शिकतो.

मग व्हर्नियर हाइट गेज आलं, पुढे अंकी काट्यांचं, आता स्क्रीनचं. व्हर्नियरचंही 0.02 मिलिमीटरपर्यंत वाचता येतं आणि टूलरूममध्ये त्याला पर्याय नाही. पण ते सरफेस गेजची जागा घेईल अशी जी समजूत होती ती ओतीव भागांच्या बाबतीत चुकीची ठरली. वाळूचे कण रुतलेल्या कच्च्या कातड्यावर त्याचं कार्बाइडचं टोक तुटतं. त्याचा दांडा उभाच राहतो, तिरका होऊन खाचेत शिरत नाही. आणि चुन्याच्या धुळीत इतकं महाग यंत्र वापरायला कुणाचं मन होत नाही. मार्किंगचं काम खऱ्या अर्थानं कमी केलं ते आधी जिगांनी, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणाऱ्या साच्यांनी, आणि मग सीएनसीनं. नांगराचा फाळ बदलायचा तर शेतकऱ्याच्या जुन्या नांगराला नवा फाळ बसलाच पाहिजे, म्हणून भोकं जिगमधून पाडावी लागली. जिगमध्ये जॉब टाकला की रेघ लागत नाही, फक्त जिग बनवताना एकदाच लागते. सीएनसी मशीनवर प्रोब स्वतःच भाग चाचपून मध्य शोधतो. मोठ्या संख्येच्या कामात मार्किंग संपलं, आणि ते संपलं हे योग्यच झालं.

तरी पट्ट्यातल्या फाउंड्र्यांमध्ये नवा पॅटर्न आला की पहिला ओतीव नमुना प्लेटवर ठेवून सगळ्या भिंती, सगळे मध्य तपासले जातात. साखर कारखान्याचा तुटलेला गिअर किंवा जुन्या इंजिनाचा देह दुरुस्तीला येतो तेव्हा ड्रॉइंग नसतंच. एकच नग असतो आणि तो आजच बसवायचा असतो. सातारा, मिरज, कुपवाड, इस्लामपूरच्या औद्योगिक वसाहतींत अशी कामं करणाऱ्या लहान शॉपमध्ये सरफेस गेज अजून हाताला लागतं.

परदेशी नावांच्या गेजांपेक्षा मला इथेच घडवलेल्यांची काळजी जास्त वाटते. शिकाऊ कारागिरानं स्वतःचं हत्यार स्वतः बनवायचं ही सगळ्या यंत्रशाळांतली रीत. बिडाचा किंवा जाड पट्टीचा तुकडा घासून बैठक, लेथवर कातलेला दांडा, एकच पकड, आणि अंगावर अक्षरपंचानं ठोकलेली नावाची आद्याक्षरं. त्यात तरफ आणि बारीक स्क्रू क्वचित असतो, पण तळ जीव लावून घासलेला असतो आणि व्ही-खाच जवळजवळ नेहमीच असते. बनवणाऱ्याला कोणती सोय अत्यावश्यक वाटली आणि कोणती सोडता आली, हे या गेजांवरून जितकं कळतं तितकं कुठल्याही कॅटलॉगवरून कळत नाही. कारखाना बंद होतो किंवा जागा बदलतो तेव्हा हीच गेजं भंगारात आधी जातात, कारण त्यांच्यावर कंपनीचं नाव नसतं. ज्या शाळा-महाविद्यालयांत आणि कारखान्यांत ती अजून कपाटात आहेत त्यांनी त्यांचे फोटो, मापं आणि बनवणाऱ्याची माहिती नोंदवून ठेवावी. हे काम एका वर्कशॉप शिक्षकाला एका उन्हाळी सुट्टीत जमण्यासारखं आहे.

जुनं गेज वापरासाठी घ्यायचं असेल तर चकाकीकडे पाहू नका. निकेल उडालेलं असलं तरी काही बिघडत नाही. उलट पॉलिशच्या चाकावर चढवलेल्या गेजाच्या तळाच्या कडा गोल झालेल्या असतात आणि ते पुन्हा खरवडल्याशिवाय कामाचं नसतं. बैठक सरफेस प्लेटवर ठेवून चारही कोपरे बोटानं दाबून पाहा. डुगडुगली तर तळ घासावा लागेल. टोक एखाद्या सपाट ठोकळ्यावर, मध्ये पातळ कागद घालून, अलगद टेकवा आणि पकडीचा नट पूर्ण आवळा. कागद आधीपेक्षा घट्ट किंवा सैल झाला तर टोक हललं, म्हणजे वॉशर किंवा बुश झिजलेला आहे. बारीक स्क्रू उलट-सुलट फिरवा. दिशा बदलल्यावर टोक काही वेळ जागचं हललंच नाही तर स्प्रिंग मेलेली आहे. ती बदलणं स्वस्त आहे आणि त्यानंतर गेज नव्यासारखं चालतं. पिना बोटानं खाली जाऊन बोटानंच वर आल्या पाहिजेत.

आट्यांकडे मात्र नीट पाहा. इंग्लिश गेजांवर पाव इंची व्हिटवर्थ आटे पुष्कळदा असतात, इंचाला 20, म्हणजे 1.27 मिलिमीटरची चाल. हरवलेल्या नटाच्या जागी कुणी सहा मिलिमीटरचा नट, ज्याची चाल 1 मिलिमीटर असते, जोर लावून बसवलेला असेल तर पहिले दोन-तीन आटे चिरडलेले असतात आणि पकड आवळली तरी धरत नाही. असा नट काढून टाका, पकडीच्या बोल्टवरून पाव इंची डाय हलकेच फिरवून उरलेले आटे साफ करा आणि लेथवर नवा नट कातून घ्या.